फोनचं बिल बिटकॉइनने भरून पाहिलं, त्याचा हिशेब

मी टेक्सासमध्ये प्लेनोला राहते आणि लोकांची टॅक्स रिटर्न भरून देते. माझ्याकडे येणाऱ्यांत मराठी मंडळी बरीच आहेत. बहुतेक जण आयटीतले, काही नुकतेच शिकून नोकरीला लागलेले. जानेवारी ते एप्रिल या हंगामात एक प्रश्न हमखास येतो, "फोनचं बिल क्रिप्टोने भरता येतं म्हणे, भरू का?" प्रत्येकाला तेच पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

एटी अँड टीचं मुख्यालय आमच्या डॅलसमध्येच आहे. २३ मे २०१९ रोजी या कंपनीने जाहीर केलं की ग्राहकांना ऑनलाइन किंवा ॲपमधून बिल भरताना बिटपे या मध्यस्थ कंपनीमार्फत क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखं डिजिटल नाणं, वापरता येईल. अमेरिकेतल्या मोठ्या मोबाईल कंपन्यांत असं करणारी ही पहिलीच. माझं मत आधीच सांगते. सोय म्हणून ही व्यवस्था चांगली बांधलेली आहे, वापरायला सुटसुटीत आहे. तरीही सध्याचे कायदे आहेत तसे असताना मी ती कोणाला सुचवत नाही. कंपन्यांनी क्रिप्टो घ्यावं का, या प्रश्नावर माझं उत्तर "घ्यावं, पण आधी तीन गोष्टी करून मग" असं आहे. त्या तीन गोष्टी ओघात येतीलच.

आधी प्रत्यक्ष अनुभव. मी तो नोव्हेंबर २०२१ मध्ये घेतला. बिटकॉइनचा भाव तेव्हा साठ हजार डॉलरच्या आसपास होता. माझ्याकडे जून २०२० मध्ये घेतलेला थोडा बिटकॉइन होता, तेव्हाचा भाव नऊ हजारांच्या घरात होता. ज्या गोष्टीबद्दल लोक माझा सल्ला विचारतात ती निदान एकदा स्वतः हाताळलेली असावी, म्हणून घेऊन ठेवला होता. आमच्या घरात चार लाइन, बिल १८० डॉलर. पैसे भरायच्या पर्यायांत बिटपे निवडलं, स्क्रीनवर क्यूआर कोड आला, शेजारी रक्कम बिटकॉइनमध्ये, आणि एक घड्याळ उलटं चालू लागलं. पंधरा मिनिटं. तेवढा वेळ भाव बांधून दिलेला असतो. मधल्या वेळात बाजार वर गेला काय, खाली आला काय, दाखवलेला आकडा बदलत नाही. वॉलेटमधून (क्रिप्टो ठेवायच्या ॲपमधून) कोड स्कॅन केला, रक्कम आपोआप भरली गेली, होकार दिला, झालं. ०.००३ बिटकॉइन गेले, म्हणजे तीन लाख सातोशी (सातोशी हा बिटकॉइनचा सर्वांत छोटा भाग). व्यवहार नोंदवून घेण्याचं नेटवर्कचं शुल्क वेगळं, ते त्या दिवशी दोन-तीन डॉलर होतं.

हा भाग मला मनापासून आवडला. कार्डाचे सोळा आकडे टाइप करायचे नाहीत, मुदत संपलेलं कार्ड बदलायचं नाही, बिलिंगचा पत्ता जुळत नाही म्हणून व्यवहार नाकारला जाण्याची भानगड नाही. पुण्यात यूपीआयने दूधवाल्याला पैसे देण्याची सवय असलेल्या माणसाला अमेरिकेतली बिलं भरण्याची तऱ्हा किती जुनाट वाटते, ते इथे आलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. अजून चेक फाडून पाकिटात घालून पाठवणारी घरं आहेत. त्या पार्श्वभूमीवर कोड स्कॅन करून बिल फिटणं ही सुधारणाच आहे.

आता कंपनीच्या बाजूने बघू. बिटपे ही २०११ साली सुरू झालेली, अटलांटाची कंपनी. आपण पाठवलेला बिटकॉइन तिच्याकडे जातो आणि ती मोबाईल कंपनीच्या खात्यात डॉलर भरते. मोबाईल कंपनीच्या हाती क्रिप्टो येतच नाही. तिच्या ताळेबंदात बिटकॉइन नाही, भाव पडण्याची धास्ती नाही, वॉलेट सांभाळायची जबाबदारी नाही. कार्ड कंपनीला जसा टक्का द्यावा लागतो तसा इथे प्रोसेसरला, म्हणजे बिटपेसारख्या मध्यस्थाला, द्यायचा. वर क्रेडिट कार्डात ग्राहक महिन्याभराने "हा व्यवहार मला मान्य नाही" म्हणून पैसे परत ओढू शकतो, तसं इथे होत नाही. कंपनीसाठी हा सौदा अगदी सुरक्षित आहे, आणि म्हणूनच मोठी, जुनी, सावध कंपनीसुद्धा त्यात उतरू शकली. तिने काही चुकीचं केलं असं मी म्हणत नाही. फक्त हे कळून घ्यायला हवं की भावाची, कराची आणि चुकीची जी जोखीम तिने टाळली, ती नाहीशी झालेली नाही. ती सगळीच्या सगळी बिल भरणाऱ्याकडे आली आहे.

करापासून सुरुवात करते, कारण तिथे माझा रोजचा संबंध.

आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याने, मार्च २०१४ मध्येच परिपत्रक काढून सांगितलं की कराच्या दृष्टीने बिटकॉइन म्हणजे चलन नव्हे, मालमत्ता. त्यामुळे बिटकॉइन देऊन काहीही घेतलं, की कायद्याच्या नजरेत तुम्ही आधी मालमत्ता विकली आणि मग त्या पैशातून खरेदी केली. माझं ते १८० डॉलरचं बिल घ्या. ०.००३ बिटकॉइन मला नऊ हजारांच्या भावाने पडला होता, म्हणजे खरेदी किंमत २७ डॉलर. गेला १८० ला. नफा १५३ डॉलर. वर्षाहून जास्त काळ ठेवला होता म्हणून दीर्घ मुदतीचा दर, माझ्या उत्पन्नाच्या टप्प्यात १५ टक्के, म्हणजे २२ डॉलर ९५ सेंट. वर्षाच्या आत घेऊन भरला असता तर पगारावर लागतो तो दर. म्हणजे १८० चं बिल, वर नेटवर्कचं शुल्क, वर जवळजवळ २३ डॉलर कर. आणि नुसता कर नाही, फॉर्म ८९४९ वर त्याची स्वतंत्र ओळ: कधी घेतला, कधी दिला, कितीला घेतला, कितीला गेला. दर महिन्याला असं बिल भरलं तर वर्षाच्या बारा ओळी. आणि वॉलेटमध्ये वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या भावाने घेतलेला बिटकॉइन असेल, तर यातला नेमका कुठला गेला हेही ठरवावं लागतं. २०२५ पासून हा हिशेब प्रत्येक वॉलेटचा वेगळा ठेवायचा आहे.

रिटर्नच्या पहिल्याच पानावर, नाव-पत्त्याच्या खाली, डिजिटल मालमत्तेबद्दल एक प्रश्न असतो: वर्षभरात तुम्हाला ती मिळाली का, किंवा तुम्ही ती विकली, बदलली, अन्य प्रकारे दिली का? हो किंवा नाही. २०२० च्या रिटर्नपासून तो पहिल्या पानावर आहे. माझ्यासमोर बसलेली माणसं त्यावर सहज "नाही" म्हणतात. मी विचारते, "काहीच नाही?" तेव्हा उत्तर येतं, "विकलं नाही हो काही. फक्त फोनचं बिल भरलं." ही माणसं काही लपवत नसतात. आयुष्यभर फोनचं बिल भरताना कधी कोणाला भांडवली नफ्याचा विचार करावा लागला आहे का? सही मात्र खोटं निवेदन केल्यास शिक्षा असलेल्या कागदावर होत असते. ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्या माणसाने अशा ठिकाणी चुकीची खूण करावी, हे मला अजिबात रुचत नाही.

या पुढची गंमत नाही, काळजीची गोष्ट आहे. २०२५ च्या व्यवहारांपासून एक्स्चेंज (जिथे क्रिप्टोची खरेदी-विक्री होते) आणि इतर मध्यस्थ या व्यवहारांची माहिती देणारा फॉर्म १०९९-डीए पाठवू लागले आहेत. पेमेंट प्रोसेसरना यात सूट आहे: वर्षाला ६०० डॉलरपर्यंतच्या अशा व्यवहारांची माहिती त्यांनी कळवली नाही तरी चालतं. ही सूट प्रोसेसरला आहे, तुम्हाला नाही. कागद आला नाही म्हणून कर चुकत नाही. आणि कागद आला, तर त्यावर फक्त किती डॉलरला गेला एवढंच असू शकतं, खरेदीची किंमत तुमची तुम्हाला दाखवावी लागते. ती दाखवली नाही तर १८० च्या १८० डॉलर नफा धरले जाण्याचा धोका.

इथे कायद्यातला एक फरक मला फार खटकतो. समजा युरोपच्या प्रवासातून उरलेले युरो माझ्याकडे आहेत आणि भाव वाढल्यावर मी ते वैयक्तिक खर्चासाठी वापरले, तर २०० डॉलरपर्यंतचा नफा आयआरएस सोडून देतं. परकीय चलनाला ही सवलत आहे, बिटकॉइनला नाही. छोट्या खरेदीसाठी क्रिप्टोलाही अशी सवलत द्यावी, अशी विधेयकं काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, येऊन गेली, मंजूर झाली नाहीत. ती मिळाली तर मी वर मांडलेला सगळा हिशेब बाद होईल आणि मी आनंदाने हा लेख बदलेन. माझ्या तीन गोष्टींतली पहिली हीच: मोबाईल कंपन्यांना क्रिप्टो घ्यायचंच असेल तर त्यांनी वॉशिंग्टनमध्ये आपलं वजन या एका दुरुस्तीसाठी वापरावं. त्यांचे तिथे प्रतिनिधी कमी नाहीत.

भावाबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. एकच आकडा. नोव्हेंबर २०२१ मध्ये माझं बिल ०.००३ बिटकॉइनमध्ये फिटलं. वर्षभराने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, भाव सोळा-सतरा हजारांवर असताना तेच बिल भरायला ०.०११ लागले असते. डिसेंबर २०२४ मध्ये भाव एक लाखावर गेला, तेव्हा ०.००१८ पुरले असते. ज्या घराचा महिन्याचा खर्च आखून चालतो त्या घरासाठी हे चलन नव्हे. नेटवर्कचं शुल्कही असंच. डिसेंबर २०१७ मध्ये ते इतकं चढलं की गेम विकणाऱ्या स्टीमने बिटकॉइन घेणं बंद केलं, पुढच्या एप्रिलमध्ये ऑनलाइन पेमेंट हाताळणाऱ्या स्ट्राइपनेही. २० एप्रिल २०२४ ला, बिटकॉइनचं हाविंग झालं (नवे बिटकॉइन निघण्याचा वेग निम्मा झाला) त्या दिवशी, सरासरी शुल्क शंभर डॉलरच्या वर होतं. एखाद्याच्या बिलाची शेवटची तारीख त्या दिवशी असती तर?

आता चुकीची जोखीम. आमच्या जवळ रिचर्डसनला विद्यापीठ आहे, तिथे सांगलीकडचा एक मुलगा शिकायला आला होता. आमच्या ओळखीतला, अधूनमधून जेवायला यायचा. त्याने प्रीपेड सिम घेतलं होतं, आणि रिचार्ज क्रिप्टोने देणाऱ्या एका वेबसाइटवरून (या साइटचा वर लिहिलेल्या कंपन्यांशी संबंध नाही) तो पैसे भरायचा. एकदा व्यवहार नेटवर्कवर अडकून राहिला. स्क्रीनवर घड्याळ संपलं, "मुदत संपली" असं आलं, म्हणून त्याने पुन्हा भरला. तासाभराने दोन्ही पोहोचले. मला फोन आला, "काकू, पैसे दोनदा गेले. बँकेला फोन करू का?" बँकेचा इथे काय संबंध, हे त्याला समजावताना मला वाईट वाटलं. क्रेडिट कार्ड असतं तर वादग्रस्त व्यवहार म्हणून साठ दिवसांत लिहून कळवता येतं, कायदा पाठीशी आहे. इथे पाठीशी फक्त त्या साइटची मर्जी. पैसे परत आले, नाही असं नाही. पण आठवड्यांनी आले, डॉलरच्या किमतीने आले, दरम्यान भाव वाढला होता म्हणून बिटकॉइन कमी आला, आणि परतीच्या व्यवहाराचं शुल्कही त्यातूनच कापलं गेलं. चाळीस डॉलरमधले तीसही हाती लागले नाहीत. तो मुलगा महिन्याचा किराणा दोनशे डॉलरमध्ये बसवत होता.

म्हणून माझी दुसरी अट. जी कंपनी क्रिप्टो घेते, तिने चुकून आलेली रक्कम आपल्या खर्चाने, ठरलेल्या दिवसांत परत केली पाहिजे, आणि ग्राहकाला डॉलर हवेत की क्रिप्टो हे त्याला विचारलं पाहिजे. प्रोसेसर बघेल, असं सांगून ग्राहकाला तिकडे पाठवायचं नाही. बिल ज्याचं, तक्रार ऐकायची जबाबदारी त्याची.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि ती मोबाईल कंपन्यांना इतर कुठल्याही दुकानदारापेक्षा वेगळं काढते. कॉफीच्या दुकानाने बिटकॉइन घेतला तर त्याच्या हातात माझी कॉफी आहे. मोबाईल कंपनीच्या हातात माझा नंबर आहे. आणि माझं ईमेल, माझी बँक, माझं एक्स्चेंजचं खातं, सगळ्यांचे ओटीपी त्या नंबरावर येतात. सिम स्वॅप म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. चोर कंपनीच्या दुकानात किंवा कॉल सेंटरवर तुमच्या नावाने बोलतो, नाहीतर आतल्या कोणाला फितवतो, आणि तुमचा नंबर स्वतःच्या सिमवर चढवून घेतो. तुमच्या फोनचं नेटवर्क एकाएकी जातं. तुम्हाला वाटतं टॉवर गेला असेल. तोवर तिकडे पासवर्ड बदललेले असतात. बँकेतून पैसे गेले तर निदान दाद मागायला जागा आहे. क्रिप्टो गेलं की गेलं.

मायकेल टर्पिन या क्रिप्टो गुंतवणूकदाराने ऑगस्ट २०१८ मध्ये एटी अँड टीवर खटला भरला. जानेवारी २०१८ मध्ये सिम स्वॅपमधून आपलं सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेलं, असं त्याचं म्हणणं. कंपनीने जबाबदारी नाकारली. खालच्या कोर्टाने त्याचे दावे टप्प्याटप्प्याने फेटाळले, पण सप्टेंबर २०२४ मध्ये अपील कोर्टाने त्यातला एक, दूरसंचार कायद्याखालचा, पुन्हा जिवंत केला. निकाल कोणाच्या बाजूने लागावा यावर मी बोलणार नाही. पण तारखा बघा: खटला २०१८ चा, क्रिप्टोने बिल घ्यायला सुरुवात २०१९ ची. दूरसंचार क्षेत्रावर देखरेख ठेवणाऱ्या एफसीसीचे सिम स्वॅपविरुद्धचे नियम नोव्हेंबर २०२३ चे. आणि ज्याने खात्यातले सिमबदल ग्राहकाला स्वतः कुलूपबंद करता येतात ते वायरलेस अकाउंट लॉक एटी अँड टीने २०२५ च्या उन्हाळ्यात सगळ्यांना दिलं. क्रमच उलटा झाला. दाराला कडी बसवण्याआधी सोनं ठेवायला बोलावल्यासारखं झालं हे. क्रिप्टोने बिल भरणारा ग्राहक स्वतःहून कंपनीच्या यंत्रणेत नोंद करून देतो की या नंबरवाल्याकडे क्रिप्टो आहे. अशा खात्याला कुलूप आपोआप लागलेलं असायला हवं, ग्राहकाने सेटिंगमध्ये शोधून लावायची वाट बघायची नाही. ही अट मी कुठल्याही कंपनीला घालीन, एकट्या याच नाही.

अनेकदा सांगितलं जातं की ज्यांच्याकडे बँक खातं नाही त्यांना क्रिप्टोचा उपयोग आहे. हे ऐकायला चांगलं वाटतं. बँकेतल्या ठेवींचा विमा उतरवणाऱ्या एफडीआयसी या सरकारी संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत अमेरिकेतल्या ४.२ टक्के घरांत कोणाचंच बँक खातं नव्हतं, म्हणजे सुमारे ५६ लाख घरं. ही माणसं फोनचे पैसे कसे भरतात ते आमच्या गल्लीच्या टोकाच्या गॅस स्टेशनवर दिसतं: रोख वीस-तीसच्या नोटा देऊन प्रीपेड कार्ड घेतात. त्यांना क्रिप्टो घ्यायचं तर आधी एक्स्चेंजवर खातं, त्याला ओळखपत्र, आणि त्यात पैसे घालायला बहुधा बँकच. किंवा मग कोपऱ्यावरचं बिटकॉइन एटीएम, जिथे कमिशनच इतकं असतं की त्यात आठवड्याचा रिचार्ज बसेल. पोस्टपेड ग्राहकाचंही तेच. माझ्या प्लॅनवर ऑटोपे लावलं की दर लाइनमागे सवलत मिळते, आणि ऑटोपे म्हणजे कंपनीने ठरल्या तारखेला आपल्या खात्यातून पैसे ओढून घेणं. क्रिप्टोमध्ये असं कोणी ओढू शकत नाही, प्रत्येक वेळी मालकाने स्वतः पाठवायचं. त्याच्या मूळ रचनेतच ते आहे आणि सुरक्षेसाठी ते चांगलंही आहे. पण सवलत हवी तर बँकेचं खातं जोडलेलं ठेवावंच लागतं. मग क्रिप्टोने वाचलं काय?

पुण्याचा भाचा व्हॉट्सॲपवर विचारत होता, "मावशी, आपल्याकडे जिओ-एअरटेल कधी घेणार गं?" त्याला म्हटलं, तू ३४९ चा रिचार्ज यूपीआयने किती सेकंदांत करतोस? तिथे ही गरजच उरलेली नाही. शिवाय भारतात १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, वर सेस. एकात तोटा झाला तर तो दुसऱ्याच्या नफ्यातूनही वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून ठराविक मर्यादेपलीकडे १ टक्का टीडीएसही. रिझर्व्ह बँकेची २०१८ ची बंदी सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला रद्द केली हे खरं, पण म्हणून ते चलन झालेलं नाही. यूपीआयने ज्या देशात सामान्य माणसाचा प्रश्न सोडवला, तिथे मोबाईल कंपनीने या फंदात पडू नये असं मी स्पष्ट म्हणते. भाचा थोडा नाराज झाला.

स्टेबलकॉइनचं मात्र वेगळं आहे, आणि तिथे मला आशा वाटते. डॉलरला बांधलेलं नाणं, भाव एक डॉलर. १८० चं बिल भरायला १८० नाणी. घेतलं एकाला, गेलं एकाला, नफा शून्याच्या जवळ, त्यामुळे कर नाही. नोंद ठेवायची कटकट तेवढी राहते. १८ जुलै २०२५ रोजी जीनियस ॲक्टवर सही झाली आणि स्टेबलकॉइन काढणाऱ्यांनी राखीव निधी कसा ठेवायचा याचे नियम पहिल्यांदाच देशपातळीवर ठरले. ते ठरायला हवेच होते. ११ मार्च २०२३ ला यूएसडीसी हे स्टेबलकॉइन सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी सेंटपर्यंत घसरलं होतं, कारण त्याच्या राखीव निधीतले ३३० कोटी डॉलर बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकले होते. दोन-तीन दिवसांत सावरलं, पण त्या शनिवारी ज्याचं बिल भरायचं होतं त्याला सावरणं सोमवारी कळून काय उपयोग. तरीही मोबाईल कंपन्यांनी फक्त डॉलर स्टेबलकॉइन घ्यावं, तेही आधी प्रीपेडसाठी, असं मला वाटतं. परदेशी राहणाऱ्या मुलाला आईच्या नंबरवर रिचार्ज टाकायचा असतो, एका देशातून दुसऱ्या देशात छोटी रक्कम पाठवताना कार्डाचं परदेशी शुल्क लागतं, तिथे याचा खरा उपयोग होऊ शकेल. उत्पन्न डॉलर स्टेबलकॉइनमध्येच मिळणारे काही फ्रीलान्सर माझ्याकडे येतात. त्यांच्यासाठी आजही ही सोय कामाची आहे, मी त्यांना नको म्हणत नाही. बिटकॉइन ज्यांनी म्हातारपणासाठी किंवा मुलांच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवला आहे, त्यांनी तो फोनच्या बिलात मोडू नये.

एटी अँड टी आणि बिटपे यांच्या या सोयीला वापरण्यातल्या सुटसुटीतपणासाठी मी पाचपैकी चार देते. सर्वसाधारण मराठी घराला उपयुक्त किती, यासाठी पाचपैकी दीड. आम्ही स्वतः बँकेतून ऑटोपे लावलं आहे आणि खात्याला लॉकही. तुमचा फोन कुठल्याही कंपनीचा असो, क्रिप्टो असो वा नसो, आजच तिच्या ॲपमध्ये जाऊन सिम आणि नंबर पोर्ट होण्यावरचं कुलूप लावा. ओटीपी शक्य तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपवर घ्या.

ज्यांनी आधीच क्रिप्टोने बिलं भरली आहेत, त्यांनी घाबरू नये. प्रोसेसरकडून आलेल्या पावत्यांचे ईमेल शोधून एका फोल्डरमध्ये टाका, वॉलेटमधून त्या व्यवहारांची यादी उतरवा, आणि तो बिटकॉइन कधी, कितीला घेतला याची एक्स्चेंजची नोंद त्याला जोडा. एक्स्चेंज बंद पडायच्या आत हे करा, कारण मग जुन्या नोंदी मिळवणं फार अवघड जातं. मागच्या रिटर्नमध्ये पहिल्या पानावर "नाही" अशी खूण केली असेल तर फॉर्म १०४०-एक्स भरून ती सुधारता येते. आयआरएसचं पत्र येण्याआधी स्वतःहून सुधारलेली रिटर्न आणि पत्र आल्यावर सुधारलेली रिटर्न यांत दंडाचा फरक पडतो. एप्रिलच्या गर्दीत येऊ नका, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या. तेव्हा निवांत बसून प्रत्येक ओळ तपासता येते.